शब्द ओळखीचा, अर्थ वेगळा

गणेश चतुर्थीच्या दोन महिने आधी आमच्या मंडळाला एक सभागृह हवे होते. अर्ज इंग्रजीतून करावयाचा होता. मंडळातील एका तरुणाने तो लिहून काढला. इंग्रजीत त्याला आम्हां सर्वांपेक्षा चांगले गुण मिळालेले, म्हणून कोणी फारसे तपासले नाही. आम्ही सह्या केल्या आणि पत्र पाठवून दिले. पत्रात मुख्य वाक्ये तीनच होती. आम्ही रविवारसाठी सभागृह ‘डिमांड’ करीत आहोत. आमचे अध्यक्ष पूजेला ‘असिस्ट’ करतील. आणि खुर्च्यांचे पैसे आम्ही ‘इव्हेंच्युअली’ भरू.

आठवडाभराने उत्तर आले. सभागृह मिळाले, पण पत्राचा सूर कोरडा होता आणि सोबत खुर्च्यांचे बिल होते. तरुण गोंधळून म्हणाला, “काका, आपण तर लागल्यास पैसे भरू असे म्हटले होते. आणि खुर्च्या तर आपण आपल्याच नेणार होतो!”

वाचकहो, त्या मुलाने मनात जे म्हटले ते बरोबरच होते. फक्त ते फ्रेंचमध्ये म्हटले होते. फ्रेंचमध्ये ‘दमांदे’ म्हणजे मागणे, विचारणे, विनंती करणे. इंग्रजीतील ‘डिमांड’ म्हणजे हक्काने, बजावून मागणे. फ्रेंचमध्ये ‘आसिस्ते’ म्हणजे एखाद्या समारंभाला उपस्थित राहणे; इंग्रजीत ‘असिस्ट’ म्हणजे मदत करणे, आणि उपस्थित राहण्यास ‘अटेंड’ हा शब्द. फ्रेंचमध्ये ‘एव्हांत्युएल्मां’ म्हणजे प्रसंग पडल्यास, जमल्यास. इंग्रजीत ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे अखेरीस. म्हणजे आम्ही कार्यालयाला काय लिहिले? सभागृह द्याच, आमचे अध्यक्ष पुजाऱ्याच्या हाताखाली काम करतील, आणि खुर्च्यांचे पैसे आम्ही शेवटी भरणारच. कार्यालयाने आमच्या शब्दावर विश्वास ठेवला, इतकेच!

ते बिल मंडळाने भरले आणि सर्वांनी हसून विषय सोडून दिला. पण सर्वच चुका हसून सोडता येत नाहीत. एका चुकीची किंमत आमच्या घराने पुष्कळ वर्षे मोजली. ती हकीगत शेवटी सांगू. आधी हा घोटाळा आपल्या बेटावर इतका का होतो ते पाहू.

एका घरात चार भाषा

आपल्या मुलांचा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी आजी मराठीत देवाचे नाव घेते. रस्त्यावर, बसमध्ये आणि खेळात क्रिओल. वर्तमानपत्र बहुधा फ्रेंच. शाळेची पुस्तके आणि परीक्षेचा कागद इंग्रजी. ह्याला इतिहास कारण आहे. 1810 मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून जिंकून घेतले, पण शरणागतीच्या करारात येथील रहिवाशांचे कायदे, धर्म आणि चालीरीती राखण्याचे वचन दिले. त्यामुळे राज्य इंग्रजांचे आणि जमीन, वारसा, कर्ज ह्यांचा कायदा फ्रेंच वळणाचा, अशी आपली विलक्षण स्थिती झाली. 1847 पासून वरिष्ठ न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली. 1968 च्या संविधानाने विधानसभेची अधिकृत भाषा इंग्रजी ठरविली आणि सभासदाला फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा दिली. आजही नोतेरकडचे खरेदीखत बहुधा फ्रेंचमध्ये असते आणि सरकारी अर्ज इंग्रजीत.

आता ह्या दोन भाषा एकमेकींना अगदी परक्या असत्या तर घोटाळा कमी झाला असता. तमिळ आणि इंग्रजी शब्दांची सहसा गल्लत होत नाही, कारण ते दिसायलाच वेगळे. पण फ्रेंच आणि इंग्रजीचे नाते जुने आहे. 1066 मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडील नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम ह्याने इंग्लंड जिंकले. त्यानंतर तेथील दरबाराची, सरदारांची आणि न्यायालयांची भाषा पुष्कळ काळ फ्रेंच होती. न्यायालयात इंग्रजीतून वाद चालावा असा कायदा इंग्लंडला 1362 मध्ये करावा लागला. तोपर्यंत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत मुरले होते. पुढे दोन्ही देश आपापल्या वाटेने गेले आणि एकाच कुळातील शब्दांचे अर्थ हळूहळू वेगळे झाले. चेहरा तोच राहिला, स्वभाव बदलला. फ्रान्समध्ये 1928 साली केसलर आणि दरोकिन्यी ह्या दोघांनी अशा शब्दांवर एक पुस्तकच काढले आणि त्यांना ‘खोटे मित्र’ असे नाव दिले. ते नाव आज भाषेच्या शिक्षकांत रूढ आहे.

हा प्रकार आपल्याला नवा वाटावयास नको. ह्याच दैनिकातील हिंदी पान उघडून पाहा. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. आपल्या मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत कायद्याचे ‘संशोधन’ होते म्हणजे त्यात दुरुस्ती होते. मराठीत संशोधन करणारा नवे शोधून काढतो. दोन्ही शब्द संस्कृतातून आले, पण दोन घरांत वाढले. मराठी आजोबांना कोणी हिंदीत सांगितले की तुमच्या नातवाला उत्तम शिक्षा मिळत आहे, तर ते काठी घेऊन शाळेकडे निघतील! इंग्रजी आणि फ्रेंचचे नेमके असेच आहे.

मराठीची चाळणी

आता काही नेहमीच्या जोड्या पाहू. प्रत्येक ठिकाणी आम्ही मराठी शब्द मुद्दाम देत आहोत. एखादा शब्द मराठीच्या चाळणीतून काढला की अर्थ वेगळे पडतात, असा आमचा अनुभव आहे.

इंग्रजीत ‘लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालय. तेथून पुस्तक वाचावयास आणतात. फ्रेंचमध्ये ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान. तेथे पैसे मोजावे लागतात. इंग्रजीत ‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणजे वास्तविक, खरे पाहता. फ्रेंचमध्ये ‘आक्त्युएल्मां’ म्हणजे सध्या. नोकरीच्या अर्जात एखादा उमेदवार ‘मी अ‍ॅक्च्युअली अमुक ठिकाणी काम करतो’ असे लिहितो, तेव्हा त्याला ‘सध्या’ म्हणावयाचे असते. वाचणाऱ्याला वाटते, ह्याने आधी काही वेगळे सांगितले होते की काय?

इंग्रजीत ‘इग्नोअर’ करणे म्हणजे दुर्लक्ष करणे. फ्रेंचमध्ये ‘इन्योरे’ म्हणजे ठाऊक नसणे. ‘मी नियम इग्नोअर केला’ असे वरिष्ठांना लिहिले तर ती कबुली होते. नियम माहीत नव्हता असे सांगावयाचे असेल तर शब्द दुसरा हवा. इंग्रजीत ‘प्रिटेंड’ म्हणजे सोंग करणे. फ्रेंचमध्ये ‘प्रेतांद्र’ म्हणजे दावा करणे. इंग्रजीत ‘डिसेप्शन’ म्हणजे फसवणूक. फ्रेंचमध्ये ‘देसेप्स्यों’ म्हणजे निराशा. मुलाच्या शिक्षकांना एखाद्या आईने ‘तुमच्या शाळेमुळे आम्हांला मोठे डिसेप्शन झाले’ असे लिहिले, तर तिला आपले दुःख सांगावयाचे असते. वाचणाऱ्याला मात्र तो आरोप वाटतो.

‘सेन्सिबल’ हा शब्द तर घरोघरी भांडण लावणारा आहे. शाळेच्या अहवालात इंग्रजीत लिहिलेले असते की तुमची मुलगी ‘सेन्सिबल’ आहे. म्हणजे समंजस आहे, विचाराने वागते. फ्रेंच कानाला तेथे ‘सांसिब्ल’ ऐकू येते, म्हणजे हळवी, लगेच डोळ्यांत पाणी आणणारी. बक्षीस मिळालेल्या मुलीला घरी ‘रडू नकोस हो शाळेत’ असा उपदेश मिळतो!

पोलीस चौकीत जबाब देताना ‘इंजुअर’ हा शब्द जपून वापरावा. इंग्रजीत त्याचा अर्थ इजा करणे, जखमी करणे. फ्रेंचमध्ये ‘अँज्युर’ म्हणजे शिवी, अपमानाचे बोल. शेजाऱ्याने शिवी दिली आणि शेजाऱ्याने डोके फोडले, ह्या दोन तक्रारी एक नव्हेत.

क्रिओलमधून येणारे घोटाळे ह्याहून गोड असतात. ‘कोत तो रेस्ते?’ म्हणजे तू कुठे राहतोस? म्हणून पहिल्या वर्गातील मूल इंग्रजीत सांगते की मी व्हाक्वाला ‘रेस्ट’ करतो, म्हणजे तेथे विश्रांती घेतो. क्रिओलमध्ये ‘मूतों’ म्हणजे जिवंत मेंढी. इंग्रजीत ‘मटन’ म्हणजे तिचे मांस आणि जिवंत मेंढी ती ‘शीप’. इंग्लंडात जनावर सांभाळणाऱ्या गड्याचा शब्द इंग्रजी राहिला आणि ताटावर बसणाऱ्या सरदाराचा शब्द फ्रेंच, अशी ही जोडी झाली असे सांगतात. आपण मराठीत मेंढी आणि मटण वेगळेच म्हणतो. मुलाला इतके आठवले तरी ‘शेतात मटन चरत आहे’ असे वाक्य तो लिहिणार नाही.

एकीकडे एक, दुसरीकडे दोन

दुसरा प्रकार थोडा निराळा. तेथे फ्रेंच किंवा क्रिओलमध्ये शब्द एक आणि इंग्रजीत दोन असतात. कोणता कोठे वापरावयाचा हे मुलांना कळत नाही. येथे आपली मायबोली फार उपयोगी पडते, कारण पुष्कळदा मराठीतही दोन शब्द आहेत.

परीक्षेत हमखास चुकणारी जोडी म्हणजे ‘लेंड’ आणि ‘बॉरो’. क्रिओलमध्ये ‘प्रेते’ म्हटले की देणाराही चालतो आणि घेणाराही. म्हणून मूल मित्राला विचारते, ‘मला तुझे पेन बॉरो करतोस का?’ मराठीत उसने देणे आणि उसने घेणे. देणे म्हणजे ‘लेंड’, घेणे म्हणजे ‘बॉरो’. एवढी किल्ली हाती आली की ही चूक पुन्हा होत नाही.

फ्रेंचमध्ये ‘आप्रांद्र’ म्हणजे शिकणे आणि शिकवणेसुद्धा. मराठीत ‘व’ हे एकच अक्षर दोघांना वेगळे करते. शिकतो तो विद्यार्थी, ‘लर्न’. शिकवतो तो गुरुजी, ‘टीच’. फ्रेंचमध्ये ‘लुए’ म्हणजे घर भाड्याने देणे आणि घेणेही. इंग्रजीत घरमालक ‘लेट’ करतो. भाडेकरू ‘रेंट’ करतो असे म्हणतात. अर्थात ‘रेंट’ मालकाकडूनही ऐकू येतो, पण फळ्यावर ‘टू लेट’ असे लिहिलेले दिसले तर घर रिकामे आहे आणि मालक भाडेकरू शोधत आहे हे नक्की. त्याच व्यवहारातील आणखी एक खोटा मित्र म्हणजे ‘लोकेशन’. इंग्रजीत त्याचा अर्थ ठिकाण. फ्रेंचमध्ये ‘लोकास्यों’ म्हणजे भाडेव्यवहार.

विज्ञानाच्या वहीत ‘आज आम्ही एक एक्सपीरियन्स केला’ असे वाक्य दिसते. फ्रेंचमध्ये ‘एक्स्पेरियांस’ ह्या एका शब्दात दोन्ही आले. इंग्रजीत ‘एक्सपीरियन्स’ म्हणजे अनुभव आणि ‘एक्सपेरिमेंट’ म्हणजे प्रयोग. प्रयोग आपण करतो, अनुभव आपल्याला येतो. तसेच फ्रेंच ‘काँस्यांस’. इंग्रजीत ‘कॉन्शन्स’ म्हणजे बऱ्यावाइटाची टोचणी लावणारे मन, सदसद्विवेकबुद्धी. ‘कॉन्शसनेस’ म्हणजे शुद्ध, जाणीव. अपघातात माणसाची शुद्ध हरपते; लाच घेताना हरपते ती दुसरी!

आणि क्रिओलमधील ‘गान्य’. ह्या शब्दाने आपण सर्व काही मिळवतो: फुटबॉलचा सामना, महिन्याचा पगार, आणि तापसुद्धा. इंग्रजीत सामना ‘विन’ करतात, पगार ‘अर्न’ करतात आणि ताप नुसता ‘हॅव’. मराठीत सामना जिंकतो, पगार कमावतो आणि ताप येतो. ताप जिंकला असे कोणी म्हणत नाही. फ्रेंच ‘शांस’ आणि इंग्रजी ‘चान्स’ ह्यांतही असेच अंतर आहे. फ्रेंचमध्ये त्याचा रोख नशिबाकडे, इंग्रजीत संधीकडे. परीक्षेला जाणाऱ्या मुलाला इंग्रजीत ‘गुड लक’ म्हणावे.

पण मराठी सर्वज्ञ आहे असे समजू नये. काही ठिकाणी तिच्यातही एकच शब्द आहे आणि इंग्रजीत अनेक. आपले ‘भाडे’ पाहा. घराचे भाडे ‘रेंट’, बसचे भाडे ‘फेअर’, लग्नासाठी आणलेल्या मांडवाचे आणि भांड्यांचे भाडे ‘हायर’, जहाजावरील मालाचे भाडे ‘फ्रेट’. आपली ‘सावली’ इंग्रजीत दोन होते: आंब्याखाली बसावयाची ती ‘शेड’ आणि भिंतीवर पडते ती आकृती ‘शॅडो’. आपले हाताचे बोट ‘फिंगर’ आणि पायाचे बोट ‘टो’. डॉक्टरांना नीट सांगितले नाही तर पट्टी भलतीकडे बांधली जाईल.

मंडळाच्या कारभारातील शब्द

आपल्या मंडळांचे चिटणीस हे पान वाचतात असे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून चार शब्द खास त्यांच्यासाठी. इंग्रजीत सभेचा ‘अजेंडा’ म्हणजे विषयपत्रिका. फ्रेंचमध्ये ‘आजांदा’ म्हणजे तारखांची डायरी. विषयपत्रिकेला तेथे ‘ओर्द्र द्यु झूर’ म्हणतात. सभेचे इतिवृत्त इंग्रजीत ‘मिनिट्स’. त्याचा घड्याळातील मिनिटांशी संबंध नाही.

‘पोस्टपोन’ आणि ‘अ‍ॅडजर्न’ ह्यांत नेहमी गल्लत होते. सभा अजून भरलीच नाही आणि पुढची तारीख दिली, तर ती ‘पोस्टपोन’ केली, म्हणजे पुढे ढकलली. सभा भरली, काही काम झाले आणि उरलेले पुढे ठेवले, तर ती ‘अ‍ॅडजर्न’, म्हणजे तहकूब केली. फरक बारीक वाटतो, पण तहकूब सभेत झालेले ठराव झालेले असतात. पुढे ढकललेल्या सभेत काहीच झालेले नसते. एखाद्या ठरावावर वाद निघाला तर वहीतील हा एक शब्द निकाल लावू शकतो.

सहीच्या कागदावर

आता ती हकीगत. आमच्या घरातील एक वडीलधारे, आम्ही त्यांना मोठे काका म्हणत असू, उसाच्या मळ्यात राबून वर आले. थोडी जमीन घेतली, घर बांधले. ते मराठी आणि क्रिओल उत्तम बोलत; इंग्रजी वाचता येत नसे. माणूस विश्वासू म्हणून गावात त्यांच्या शब्दाला मान होता. कोणी तरुण नोकरीसाठी अर्ज करी तेव्हा त्यात ओळख देणारा म्हणून काकांचे नाव घाली. इंग्रजीत अशा माणसाला ‘रेफरी’ म्हणतात. कोणाच्या कागदावर साक्षीदार, म्हणजे ‘विटनेस’, म्हणूनही त्यांनी सही केलेली होती. दोन्हीत त्यांचे कधी काही गेले नव्हते.

एके दिवशी ओळखीचा एक गृहस्थ कर्जाचा कागद घेऊन आला. “दादा, तुमची एक सही पाहिजे,” एवढेच म्हणाला. कागदावर काकांच्या नावापुढे ‘गॅरंटर’ असे होते. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि घरात इंग्रजी वाचणारे आम्हीच. काकांनी आम्हांला हाक मारली. “बाळ, वाच बघू. काय लिहिले आहे?”

आम्ही वाचले. ‘गॅरंटर’ म्हणजे गॅरंटी देणारा, म्हणजे माणूस चांगला आहे अशी खात्री देणारा, असे आम्ही सांगितले. रेडिओबरोबर गॅरंटीचा कागद येतो, तसेच काही असेल असे आम्हांला वाटले. खाली एक वाक्य होते की सह्या करणारे ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ जबाबदार राहतील. ‘सेव्हरल’ म्हणजे पुष्कळ, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. आम्ही मोठ्या ऐटीने अर्थ सांगितला: “काका, पुष्कळ जण मिळून जबाबदार आहेत. तुमच्या वाट्याला आले तर थोडेच येईल.”

काकांनी सही केली.

त्या इंग्रजी शब्दाचा कायद्यातील अर्थ आम्ही सांगितला त्याच्या नेमका उलट आहे. ‘जॉइंटली’ म्हणजे सर्वांनी मिळून. आणि ‘सेव्हरली’ म्हणजे प्रत्येकाने स्वतंत्रपणे, एकट्याने, संपूर्ण रकमेसाठी. सावकाराने वाटेल त्याला गाठावे आणि सगळे कर्ज त्याच्याकडून मागावे. फ्रेंच कागदात ह्याच जागी ‘सोलिदेर’ हा शब्द असतो. तो तर आणखी फसवा, कारण रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ एकोपा, एकमेकांना धरून राहणे असा होतो. फ्रेंच वळणाच्या कायद्यात साध्या जामीनदाराला ‘आधी मूळ कर्जदाराची मालमत्ता पाहा, मग माझ्याकडे या’ असे म्हणण्याचा अधिकार असतो. ‘सोलिदेर’ जामीनदाराला तो राहत नाही. अशा जामिनाला फ्रेंचमध्ये ‘कोस्यों’ म्हणतात आणि तोही एक खोटा मित्रच आहे: इंग्रजीत ‘कॉशन’ म्हणजे सावधगिरी. ह्या एका बाबतीत मात्र दोन्ही अर्थ एकत्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

कर्ज घेणाऱ्याचे हप्ते थकले आणि पत्रे काकांच्या नावाने येऊ लागली. काकांनी पुष्कळ वर्षे ते कर्ज फेडले. शेवटचा भाग फेडण्यासाठी जमिनीची एक पट्टी विकली. तीवर त्यांनी स्वतः लावलेली लिचीची झाडे होती. आम्हांला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, “तू वाचलेस ते तुझ्या परीने बरोबरच वाचलेस. मी मराठीत विचारायला पाहिजे होते: साक्षीदार की जामीनदार?”

हा प्रश्न आम्ही तेव्हापासून विसरलो नाही. साक्षीदार सांगतो की सही माझ्यासमोर झाली. ओळख देणारा सांगतो की माणूस मला माहीत आहे. जामीनदार सांगतो की त्याने दिले नाही तर मी देईन. मराठीत तिघांची गल्लत होणे शक्य नाही. जामीन हा शब्द ऐकताच काका उठून उभे राहिले असते.

सहीच्या कागदावरील आणखी दोन शब्द सांगून ठेवतो. आपण मराठीत सर्रास ‘गहाण’ म्हणतो, पण इंग्रजीत त्याचे दोन प्रकार. दागिना सावकाराच्या हाती देऊन पैसे घेतले, तर तो ‘प्लेज’. घर किंवा जमीन तारण ठेवली पण राहणे आपलेच, तर ते ‘मॉर्गेज’. घर आपल्या ताब्यात आहे म्हणून ते मोकळे आहे असे समजू नये.

दुसरा शब्द आपल्या आई-वडिलांच्या संदर्भातील. पुष्कळ वडीलधारी हयातीतच घर मुलांच्या नावे करतात आणि स्वतःकडे फ्रेंचमध्ये ज्याला ‘युझुफ्रुई’ म्हणतात तो हक्क ठेवतात. म्हणजे मालकी मुलांची, पण राहण्याचा, वापरण्याचा, भाडे घेण्याचा हक्क मरेपर्यंत आपला. मराठीत ह्याला उपभोगाचा हक्क म्हणता येईल. हा शब्द कागदात आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी प्रत्येक आईने विचारावे. मुलगा कितीही चांगला असला तरी विचारावे. चांगल्या मुलाला त्याचा राग येत नाही.

एक वही करावी

उपाय काय? आम्ही आमच्या घरी एक साधी वही केली आहे. पानावर चार रकाने: इंग्रजी, फ्रेंच, क्रिओल, मराठी. मुलाच्या गृहपाठात किंवा आलेल्या पत्रात एखादा शब्द अडला की चारही रकाने भरावयाचे. चौथा रकाना मुलांनी आजी-आजोबांना विचारून भरावयाचा. त्यामुळे इंग्रजी सुधारतेच, शिवाय ज्या मुलांना ‘मराठी शिकून काय उपयोग?’ असे वाटते, त्यांना त्या रकान्यात उपयोग दिसतो. ज्या आजीला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही, तिच्या एका मराठी शब्दाने इंग्रजीचे कोडे सुटते, हे पाहून नातवंडे चकित होतात आणि आजीही सुखावते.

मोठ्यांसाठी नियम एकच. सहीच्या कागदावर ओळखीचा शब्द दिसला तर अधिक थांबावे. अनोळखी शब्द आपण विचारतोच. ओळखीचा विचारीत नाही, आणि तेथेच फसतो. मुलगा शाळेत पहिला येत असला तरी कर्जाचा कागद त्याच्याकडून वाचून घेऊन भागत नाही. नोतेरला किंवा वकिलाला विचारावे. क्रिओलमध्ये विचारण्यात कमीपणा नाही. मनात मात्र तीन मराठी प्रश्न धरावेत: पैसे कोण देणार? किती देणार? आणि मी ह्यातून केव्हा सुटणार? ह्या तिन्हींची उत्तरे स्पष्ट मिळाल्याखेरीज लेखणी उचलू नये.

आपल्याही घरी अशा शब्दांच्या जोड्या आणि त्यांच्या गमती असतीलच. त्या आमच्याकडे लिहून पाठवाव्यात. पुढे कधीतरी ह्याच पानावर त्यांची एकत्र यादी देऊ. पत्र मराठीतच लिहावे. आणि काही मागावयाचे असेल, तर ‘डिमांड’ न करता मागावे!